एकतिसाव्या पानावरचं ‘नाही’

“बाबा, तुमच्या घराण्यात कुणाला जन्मतः काही व्यंग वगैरे?” पेनचं टोपण दातात धरून सुनेनं विचारलं.

“नाही.”

प्रश्न पुरता संपायच्या आत काकांचं उत्तर टेबलावर येऊन बसलं. सुनेनं चौकटीत खूण केली आणि कागद लांब धरून पाहिला.

“सगळीकडे नाही, नाही, नाही! शाळेत कधी इतके मार्क पडले नव्हते मला.”

तिला पाचवा महिना होता. गुरुवारी मोठी सोनोग्राफी होती आणि दवाखान्याने हा फॉर्म घरून भरून आणायला सांगितला होता. स्वयंपाकघरात काकांची बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, क्षणभर थांबली आणि पुन्हा सोडला. काकांनी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा नव्हता, पण सुलटा असून तरी काय उपयोग? एक अक्षर दिसेल तर शपथ.

काकांना हापिसात आकडेकाका म्हणत. मुलं व्यंग घेऊन का जन्माला येतात, याचा शोध घेणारं ते हापिस. तिथल्या बाया घरोघर जाऊन आयांना बेचाळीस पानी फॉर्ममधले प्रश्न विचारत. व्यंग असलेल्या मुलांच्या आयांना विचारत, तसे धडधाकट मुलांच्या आयांनाही तेच विचारत. दोघींच्या उत्तरांत फरक कुठे पडतो ते शोधायचं, हे झालं संशोधन. काकांचं काम त्या उत्तरांचे आकडे करायचं. ताप आला होता, चौदा. घराला नवा रंग दिला होता, सत्तावीस. सव्वीस वर्षं काका माणसांच्या संकटांना क्रमांक देत आले होते आणि जेवण अंगी लागत होतं.

सुनेला दिवस गेले आणि ते लागेनासं झालं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. काकांच्या मनाला तर चिंतायला बेचाळीस पानं छापून मिळाली होती! त्यांनी डासांच्या अगरबत्त्या घराबाहेर काढल्या. नेलपॉलिशच्या बाटल्या जप्त केल्या. दाराला रंग द्यायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. शेजारणीच्या मांजरीला इतकं टाकून बोलले, की ती आणि शेजारीण दोघी यायच्या बंद झाल्या.

फक्त एकतीस नंबरच्या पानाबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत.

‘घराण्यात यापूर्वी असं मूल जन्मलं होतं का?’ होय असेल तर एक, नाही असेल तर दोन. काकांकडे दोनांचे ढीग येत. “काका, तीस पानं बाई घडाघडा बोलते,” घरोघर फिरणारी एकजण म्हणायची, “आणि एकतिसावं उलटलं की सासू दारात येऊन उभी राहते!” काका खो खो हसत.

आता त्यांच्या घरात ती सासू तेच झाले होते.

चौतीस वर्षांपूर्वी त्यांना पहिला मुलगा झाला होता. पाठीचा कणा नीट मिटलेला नव्हता. दोन दिवस जगला. पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे काकांनी ठरवलं. तीन वर्षांनी दुसरा मुलगा झाला तो ठणठणीत, आणि आपण घरातला पहिलाच, अशा समजुतीत तो एकतीस वर्षांचा झाला.

फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवशी काका हापिसातल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी जाऊन घुटमळले.

“बाई, समजा एका फॉर्मवर आजोबांनी ‘नाही’ सांगितलं, आणि ते खरं म्हणजे ‘होय’ होतं. आजोबांचं मूल, कण्याचं. तर नातवाला काही?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “फॉर्म कुणाचा, काका?”

“असाच. उदाहरणादाखल.”

“धोका थोडासाच वाढतो. बहुतेक काही होत नाही. पण तपासणाऱ्याला माहीत असलं, तर तो बाळाच्या पाठीवर जरा जास्त थांबतो.” त्या पुन्हा कागदात डोकं घालता घालता म्हणाल्या, “उदाहरणातल्या आजोबांना सांगा, लवकर सांगा म्हणावं.”

बाकी सगळं कानाबाहेर राहिलं आणि ‘थोडासाच’ तेवढा काकांच्या पोटात जाऊन बसला. थोडासा म्हणजे किती, हे हिशेबाने त्यांना ठाऊक होतं. पण तो थोडासा ज्यांच्या वाट्याला येतो त्यांचेच फॉर्म त्यांच्या टेबलावर येत होते.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“अगं, ते सांगायला हवं.”

कोणतं, असं तिने विचारलं नाही. “सांगा ना.”

“तू सांग. बायकाबायकांत जरा…”

“चौतीस वर्षं तुमच्या सांगण्यावरून गप्प बसले. आता बोलायचंही तुमच्या वाटचं मीच?” तिने उशीचा अभ्रा झटकला. “अहो, ‘नाही’ तुम्ही म्हणालात. ‘होय’ही तुम्हीच म्हणायचं.”

बुधवारी सकाळी काका सांगायचंच म्हणून सुनेसमोर जाऊन बसले, घसा खाकरला आणि डासांच्या अगरबत्त्यांवर वीस मिनिटं बोलले.

गुरुवार उजाडला. दवाखान्याच्या बाकावर चौघं ओळीने बसले होते. सुनेच्या आधीचा नंबर आत गेला आणि दार लागलं. दार पुन्हा उघडलं की संपलं.

“त्या फॉर्मवर,” ते समोरच्या भिंतीला म्हणाले, “एक खाडाखोड करायचीय.”

“कुठे?” सुनेनं पेन काढलं.

“घराण्यात… तिथे होय कर. आम्हाला पहिला मुलगा झाला होता. पाठीचं होतं. राहिला नाही.”

मुलगा वळून आईकडे बघत राहिला. “मला भाऊ होता?”

आईने मान हलवली. सुनेचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने ‘नाही’वर काट मारली, इतक्या जोरात की कागद फाटला.

“तीन महिने मला नखं रंगवू दिली नाहीत, बाबा,” ती म्हणाली. “आणि हे?”

तेवढ्यात दार उघडलं.

डॉक्टर वयाने लहान होता. फाटका कागद त्याने दोनदा वाचला आणि म्हाताऱ्यांनाही आत बोलावून घेतलं.

“त्या बाळाची जखम कुठे होती? वर, की कमरेशी? साधारण केवढी?”

त्याने काकांनाच विचारलं. काकांनी तोंड उघडलं. या व्यंगाच्या सगळ्या जातींचे क्रमांक त्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ होते.

“मी पाहिलं नाही त्याला,” ते म्हणाले. “नर्सने विचारलं होतं, बघता का म्हणून. मी बाहेरच थांबलो.”

बायको पुढे झाली.

“कमरेच्या जरा वर. माझ्या अंगठ्याएवढी. ओली असायची. पालथं निजवायचे त्याला. केस खूप होते.”

डॉक्टरने जखमेचं लिहून घेतलं. केसांसाठी फॉर्मवर जागा नव्हती.

“वजन आठवतं?”

“वजन नाही सांगितलं कुणी. एवढा होता.”

तिने दोन्ही हात समोर धरले. डॉक्टरने मान डोलावली, दिवा मंद केला आणि पडदा सुरू केला. “पाठीपासूनच बघू या,” तो म्हणाला. खाटेवर सुनेनं डोळे गच्च मिटून नवऱ्याचं मनगट धरलं. पडद्यावर करडं काहीतरी हललं, सरकलं. डॉक्टर बोलत नव्हता.

काकांना तिकडे बघवेना. बायकोने हात अजून खाली घेतले नव्हते. त्या दोन हातांच्या मधे जेवढी जागा होती, तिच्याकडे ते बघत राहिले.