कचरा डेपोमागची दलदल

‘ज्या गावाला आपलं पाणी, माती आणि रान ठाऊक असतं, त्या गावाला उद्याची भीती नसते.’ हे वाक्य व्हर्ना पेल्कीने वेस्ट हार्लोच्या निसर्गसंपत्तीच्या नकाशावर, अगदी वर, ठळक अक्षरांत छापून घ्यायचं ठरवलं होतं. वाक्यात चूक काहीच नव्हती. वेस्ट हार्लोला सगळं ठाऊक होतं. फक्त कोणाला सांगायचं नव्हतं.

व्हर्ना गावच्या निसर्ग-संवर्धन समितीची अध्यक्ष होती, कारण अध्यक्ष निवडायच्या बैठकीला ती एकटीच गैरहजर राहिली होती. इतकी वर्षं या पदाचा तिला काही त्रास नव्हता. मग मागच्या हिवाळ्यात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाची जुनी शेड बर्फाच्या वजनाखाली बसली, आणि नवी कुठे बांधायची हा प्रश्न उभा राहिला.

गावाच्या मालकीच्या सपाट जागा दोनच. एक कचरा डेपोच्या मागे, दलदलीच्या काठाला. दुसरी कटलर ओढ्याच्या उगमाशी, पक्क्या रस्त्याला लागून. रस्त्यांचा मुकादम आर्मंड गोकी याला दुसरी हवी होती, कारण तिथे ट्रक वळवायला सोपं जातं. आता हा ओढा तिथून खाली उतरतो तो थेट व्हर्नाच्या परसातून, आणि तिची विहीर त्याच्या काठावरच आहे. उगमाशी मीठ साठवलं तर ते वितळून कुठे येणार, हे समजायला समिती लागत नाही. पण व्हर्नाने विहिरीचं नाव काढलं असतं तर ‘बाई आपल्यापुरतं बघते’ असं गावभर झालं असतं. म्हणून तिने नकाशाची कल्पना काढली. गावातली मोलाची ठिकाणं गावानेच नकाशावर दाखवायची. या दोन जागांपैकी जिला जास्त मोल मिळेल ती कायमची राखायची, दुसरीवर शेड बांधायची. पंचांनी मान डोलावली. व्हर्ना निर्धास्त होती. दर वसंतात अर्धं गाव गळ घेऊन तिच्या परसातून ओढ्याकडे जातं, हे ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आली होती.

शेतकरी मंडळाच्या सभागृहात, ग्रेंज हॉलमध्ये, भिंतभर नकाशा लावला. शेजारी डोनट आणि सफरचंदाचा रस. प्रत्येकाला मोलाच्या ठिकाणी चिकटवायला मूठभर हिरव्या टिकल्या दिल्या. समितीच्या माणसांनी टिकली लावायची नाही, हा नियम व्हर्नाने स्वतः केला होता, आणि त्याचा तिला त्या दिवशी अभिमानही वाटत होता.

“हे नंतर कोण बघणार?” म्हाताऱ्या अल्डेन स्टर्न्सने विचारलं.

“सगळेच. ग्रंथालयात लावणार आहोत.”

“सुट्टीला येणारे मॅसॅच्युसेट्सवाले पण?”

“त्यांना डोळे असतील तर तेही बघतील, अल्डेन. नकाशा आहे हा.”

अल्डेनने टिकल्या खिशात टाकल्या. मग पुन्हा काढून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

“मागच्या वर्षी नणंदेला रानकांद्याची जागा दाखवली मी,” रांगेतून डेल्फिन कोटा म्हणाली. “रविवारी दाखवली. पुढच्या रविवारी तिथे पानसुद्धा नव्हतं. आणि वर तोंड करून म्हणते, हरणांनी खाल्ले असतील!”

“बाई, तुला पटेल तिथे लाव, पण पुढे सरक,” तिच्या मागून कोणीतरी म्हणालं.

लोक एकेक करून पुढे गेले. जो तो परीक्षेत पेपर झाकावा तसा डाव्या हाताने नकाशा झाकत होता. टिकली लावली की दोन पावलं मागे येऊन, पुढच्याने कुठे लावली ते मान वाकडी करून बघत होता. व्हर्नाला हा उत्साह वाटला.

टिकल्यांचा हिशेब करून जिल्ह्याच्या नियोजन कचेरीने नकाशा छापून पाठवला. जिथे टिकल्या जास्त तिथे हिरवा रंग गडद. कचरा डेपोमागची दलदल जवळजवळ काळी झाली होती. कटलर ओढा पांढराफटक. उगमापाशी एक ठिपका दिसला म्हणून व्हर्नाने हॉलमधला मूळ नकाशा चष्मा लावून तपासला, तर तो डोनटमधला मुरंबा निघाला. कचेरीतल्या मुलीने सोबत चिठ्ठी जोडली होती: ‘इतकं एकमत आम्ही कुठल्याच गावात पाहिलं नव्हतं. अभिनंदन!’

शनिवारी सकाळी सगळं गाव आपापला कचरा टाकायला डेपोवर असतं. व्हर्नाने अल्डेनला बाटल्यांच्या पिंपाशी गाठलं.

“ती बघ तुझी मोलाची जागा. वास येतोय का?”

“छान आहे की.”

“कधी आत गेलायस?”

“लांबूनच जास्त छान दिसते.”

“आणि कटलर ओढा?”

“कुठला ओढा?”

“अरे, कुठला काय! जन्मभर तिथे ट्राउट मासे पकडतोस! माझ्या परसातून जातोस, खिडकीकडे बघून हात करतोस!”

“हळू बोल ना बाई.” अल्डेनने आजूबाजूला पाहिलं. “डेल्फिन उभी आहे तिकडे. ऐकेल.”

“डेल्फिनही तिथेच येते!”

अल्डेनच्या हातातली बाटली हातातच राहिली. “कधीपासून?”

व्हर्ना घरी आली ती तडक साखरघरात गेली. तिचा नवरा रॉइस मेपलचा रस आटवत बसला होता. वाफेत त्याची फक्त टोपी दिसत होती.

“रॉइस, तू कुठे लावल्यास टिकल्या?”

टोपी कढईवर आणखी वाकली.

“दलदलीवर,” रॉइस म्हणाला. “पहिला मीच होतो.”

“का पण?”

“कुठेतरी लावायला हव्या होत्या. तिथे पाणी आहे, म्हणजे खरंही वाटतं. आणि कोणी बघायला जाणार नाही. माझ्या मागे अल्डेन होता. त्याने बघितलं आणि त्यानेही तिथेच लावल्या. मग काय, बाकीच्यांना वाटलं असेल की ही बरी जागा आहे.”

“आपली विहीर आहे रे ओढ्यावर!”

“हो ना. म्हणून तर मला वाटलं, बाकीचे लावतील तिथे.” त्याने चुलीत लाकूड सरकवलं. “अख्ख्या गावात एकानेही लावू नये म्हणजे कमाल आहे. कसली माणसं आहेत!”

व्हर्नाने त्याच्यावर झारा उगारला होता. तो तिने त्याच्याच हातात दिला, कारण रस उतू जायला आला होता.

मार्चमधल्या गावसभेत हा विषय जेवणाच्या जरा आधी आला. बीन्सचा वास हॉलभर होता, आणि अशा वेळी वेस्ट हार्लोत कुठलाही ठराव लवकर मंजूर होतो. व्हर्ना उभी राहिली.

“नकाशा चुकलाय,” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांना माहीत आहे की चुकलाय. उगमाशी मीठ ठेवलं तर ओढा जाईल. माझं एकच मागणं आहे. ज्याने कटलर ओढ्यात एकदा तरी गळ टाकलाय, त्याने फक्त हात वर करावा.”

कोणी छताकडे पाहिलं, कोणी बुटांकडे. डेल्फिनने अल्डेनकडे पाहिलं आणि अल्डेनने डेल्फिनकडे. दोघांचेही हात मांडीखाली होते.

“हात नाहीत,” सभा चालवणारा हॉलिस कटिंग म्हणाला.

“हॉलिस, तुझा स्वतःचा गळ माझ्या कुंपणाला अडकलेला मी सोडवून दिलाय!”

“व्हर्ना, सभेत व्यक्तिगत आरोप चालत नाहीत.”

“बरं. रॉइस!”

रॉइस उठला. सगळ्या हॉलने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने घसा साफ केला.

“तिथे पूर्वी कोणीतरी मासे पकडत असे,” तो म्हणाला, “असं मी ऐकलंय.” आणि बसला.

“अगं व्हर्ना,” मागून आर्मंड गोकी समजुतीने म्हणाला, “तूच ना म्हणाली होतीस, नकाशा ठरवेल?”

उगमाशी शेड बांधायच्या ठरावावर आवाजी मतदान झालं. ‘हो’ इतका मोठा आला की ‘नाही’ म्हणणारी एकटी व्हर्ना कोणाला ऐकूही गेली नाही. मग सगळे जेवायला उठले. डेल्फिनने व्हर्नाच्या ताटात न विचारता ॲपल-पायचा मोठा तुकडा वाढला.

उगमाशी शेड उन्हाळ्यात उभी राहिली. दलदलीच्या काठावर पाटी लागली: ‘संरक्षित क्षेत्र. मासेमारीस मनाई.’ पुढच्या एप्रिलमध्ये ट्राउटचा मोसम उघडला, त्या सकाळी नेहमीची माणसं नेहमीसारखी एकेकटी व्हर्नाच्या परसातून वर गेली. अल्डेनने खिडकीकडे बघून हात केला. दुपारी ती सगळी एकेक करून खाली आली. कोणाच्याही हातात गळाशिवाय काही नव्हतं, आणि जाताना कोणी खिडकीकडे पाहिलं नाही.

रॉइस शेवटी आला. बूट काढून टेबलाशी बसला, कॉफीचा घोट घेतला आणि कपात डोकावला.

“यात मीठ घातलंस का?”

“नाही,” व्हर्ना म्हणाली.

आता प्यायचं पाणी ती दुकानातून आणते. रिकाम्या बाटल्या शनिवारी डेपोवर टाकाव्या लागतात.