तिसऱ्या खड्यावरचा हात

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. नेकनूरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या खालच्या फळीवर राहते. फळीवर आम्ही इतके आहोत: लोलकाचे नऊ गोळे, त्यांतले दोन बिनहुकाचे, चार लोहचुंबक, एक व्हर्नियर कॅलिपर, आणि मी. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘निकामी’ असे लिहिले आहे. मित्रांनो, ते खोटे आहे. पाच मिनिटांत मी एक सेकंद मागे पडते, आणि दर वेळी तेवढेच पडते. अशी चूक मोजता येते, म्हणून ती सुधारूनही घेता येते.

वीस वर्षे मुलांनी माझ्या काट्यावर लोलकाची आंदोलने मोजली. मग मोबाइल आले आणि माझी चावी कोणी फिरवेना. शिपाई धुळाजी तेवढे शनिवारी धूळ पुसत.

भौतिकशास्त्राच्या वनमाला मॅडम दर शुक्रवारी एकाला वर्गासमोर पाच मिनिटे बोलायला लावत. वर्गात मोबाइलला बंदी होती, म्हणून वेळ मोजायला त्यांनी मला बाहेर काढले.

एका शुक्रवारी सत्यशीला उभी राहिली. ती धारूरकडच्या मेंढपाळाची मुलगी, मावशीकडे राहून अकरावी शिकणारी. विषय होता, रांजणातले पाणी गार का होते. तिने सगळे पुस्तकी भाषेत पाठ केले होते. तिसऱ्या वाक्याला तोंडून घरचे ‘हाय’ निघाले. मागच्या बाकावरून अमरसिंहने विचारले, “मेंढरं कुणाकडं सोडून आलीस गं?” वर्ग हसला. तिने पहिल्यापासून सुरू केले. पुन्हा हसू, पुन्हा पहिल्यापासून. मग ती जागेवर जाऊन बसली. बावन्न सेकंद झाले होते.

तिने विज्ञान सोडून कला शाखेत जाण्याचा अर्ज लिहिला. मॅडम म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी एकदा उभी राहा, मग सही करते. शनिवारी ती घरी निघाली, तेव्हा सरावासाठी धुळाजींनी मला तिच्या हातात दिले. “सोमवारी आन पोरी. चावी हळू दे, लई जुनं हाय.”

रविवारी संध्याकाळी तिच्यासमोर तिचे वडील गहिनीनाथ मेंढ्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, घेत होते. दारात वाकून ते एकेकीच्या पाठीला हात लावून मोजत. रस्त्यावरून शेजारच्या सोमनाथने बसची वेळ विचारली. गहिनीनाथांनी नुकत्याच मोजलेल्या मेंढीच्या पाठीवर हात तसाच ठेवला, सावकाश उत्तर दिले आणि पुढचा आकडा म्हटला, एकसष्ट.

“आबा, मधी बोललं की चुकत न्हाई का?”

“हात काढला तर चुकतंय. अन् पहिल्यापासनं मोजायला समदी मेंढरं परत भाईर काढू का?”

त्या संध्याकाळी तिने पाठ केलेली वही मिटली. पाच मुद्द्यांसाठी पाच खडे वेचले आणि मला चावी दिली. सात वेळा बोलली. दर वेळी वेगळ्या शब्दांत.

शुक्रवारी खडे टेबलावर मांडले होते, शेजारी अर्ज. तिसऱ्या खड्यावर तिचा हात होता तेव्हा अमरसिंह मेंढीसारखा ओरडला. वर्ग हसू लागला. तिने हात काढला नाही. मी चालत राहिले. नऊ सेकंदांनी हसू संपले.

“झालं? तर पान्याची वाफ व्हताना उष्णता संगं जाती, म्हणून रांजण गार हाय.”

तिने ‘हाय’ तसेच ठेवले. पाचव्या खड्यानंतर अमरसिंहनेच विचारले, मग पावसाळ्यात तेवढे गार का होत नाही.

“तवा हवेतच ओल लई असती. वाफ जाईल कुठं?”

या वेळी कोणी हसले नाही. तो वहीत काहीतरी लिहीत होता.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला काचेच्या पेटीतही ठेवू नका. चावी द्या, माझी चूक मोजा आणि मला कामाला लावा. पाठीवरचा शब्द पुसला नाही तरी चालेल. तो घेऊनही माझे काटे फिरतात.

सत्यशीलाने पाच खडे उचलले, सही न मागताच अर्जही उचलला. मॅडमनी माझे बटण दाबले. काट्यावर पाच मिनिटे अकरा सेकंद. मागे पडलेला एक सेकंद धरून, पाच मिनिटे बारा सेकंद.