घरचा डबा

बावन्नच्या निवडणुकीत उमेदवार पुंडलिकराव हिंगणीच्या गोंडवस्तीत मुद्दाम जेवायला आले. "देशात आता जातपात उरली नाई!" असं गरजून ते पुनाजीच्या ओसरीवर बसले आणि पिशवीतून घरचा डबा काढला. पाण्याचा तांब्यासुद्धा घरचाच! पुनाजीच्या लेकीचं, गंगाचं, हे पहिलंच मतदान. तिनं पहाटे उठून पाहुण्यासाठी केलेली वांग्याची भाजी चुलीवरच राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच का ती एकी?

ढेकर देऊन पुंडलिकराव म्हणाले, "मतदानाले माझी जीप पाठवतो. समदे येजा."

"येऊ नं जी," गंगा म्हणाली. "तुमी जेवले आमच्या घरी, पन डबा तुमच्या घरचा. आमीबी बसू तुमच्या जीपमंदी, पन मत आमच्या घरचं."