लाल खणातला 'खिंडीतला कंदील'

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. पोथी नव्हे, ग्रंथ नव्हे, कादंबरी! हे पहिल्याच दमात ठणकावून सांगते, कारण माझ्या पानापानांत अजून कुंकू सांडलेलं आहे, पाठीवर हळदीची बोटं उमटली आहेत आणि मला हात लावायच्या आधी आजही काही लोक चपला काढतात. काढा बापडे. पण चपला काढून, डोळे मिटून, हात जोडून झाले की ही मंडळी निघून जातात. त्यांच्यातलं कुणी मला उघडत नाही. माझा संताप आहे तो याच गोष्टीचा.

माझं नाव 'खिंडीतला कंदील'. पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कागद साधा, बांधणी त्याहून साधी. मुखपृष्ठावर काळीकुट्ट खिंड, कंदील धरलेली एक सावली आणि खाली रक्ताचा ओघळ. छापणाऱ्याने लाल रंग जरा सढळ हाताने ओतला होता, पण मला तो शोभायचा. माझ्यात सुविचार नाहीत. एक इनामदार आहे, त्याचा खून होतो आणि दर अवसेला खिंडीत कुणीतरी कंदील हलवतं. कोण हलवतं ते शेवटच्या प्रकरणात कळतं. एवढंच माझं भांडवल. पण माणसाने एकदा मला हातात घेतलं की पुढ्यातला चहा निवून जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

भोरच्या एसटी स्टँडवर, मासिकांच्या शेजारी मी दोरीला लटकत होते. किकवीची मंगल तेव्हा भोरला कॉलेजात यायची. तिने मला घेतलं आणि एसटीत उभ्या उभ्याच वाचायला लागली. गाडी किकवीला थांबली तरी हिला पत्ता नाही. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, उतरनार हाय का? का त्या कंदिलाच्या उजेडात सातारला जानार?" सगळी गाडी हसली. मंगलही हसली, पण उतरताना बोट माझ्या पानातच होतं.

तिने मला एकदा वाचलं नाही, पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे पुढे तर मैत्रिणींना ती डोळे मिटून माझी प्रकरणंच्या प्रकरणं म्हणून दाखवायची. ते माझे सोन्याचे दिवस. पण तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. "कसली गं ही टाइमपास पुस्तकं वाचतेस? काहीतरी चांगलं वाच." हे सांगणाऱ्याच्या घरात 'चांगली' पुस्तकं काचेच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली कुठे आहे ते त्यालाच ठाऊक नसायचं! अरे, बैल दिवसभर राबला तर संध्याकाळी त्याच्या पाठीवरून हात फिरवता ना? मग राबलेल्या माणसाने घटकाभर गोष्टीत रमलं तर तुमचं काय बिघडतं?

असो. रागावले की माझी पानं फडफडतात.

मंगलचं लग्न झालं आणि साड्यांच्या घड्यांत दडून मी वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीला आले. भाताची खाचरं, वर माळ आणि दारात शेरडं. मंगलचा नवरा गोरख हायवेकडच्या कंपनीत कामाला, आठवड्याने घरी येणार. घरात सासू ठकुबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि त्याची खंतही नव्हती. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मंगलला म्हणाल्या, "पुस्तक वाचून भात शिजतो व्हय गं?" मी मनात म्हटलं, झालं! आता ही बाई मला चुलीत घालणार.

पण झालं भलतंच. शेरडांमागे माळावर हिंडताना ठकुबाईंचा पाय मुरगळला, म्हणून मंगल त्यांच्यासोबत जायला लागली. दुपारी शेरडं सावलीला बसली की मंगल मला काढायची. एकदा सासू म्हणाली, "आता मनातल्या मनात काय पुटपुटतीस? मोठ्यानं वाच. मला बी कळूं दे, काय हाय एवढं त्यात." मंगलने वाचलं. इनामदारांचा आवाज जाड, दिवाणजींचा घोगरा, इनामदारांच्या बहिणीचा, म्हणजे आक्कांचा, साखरेत घोळलेला. ठकुबाईंची तंबाखू मळता मळता तळहातावरच राहिली.

मग काय विचारता! सकाळ झाली की ठकुबाईच हाक मारायच्या, "मंगल, त्या मेल्याला घेतलंस न्हवं पिशवीत?" मेला म्हणजे माझ्यातला कंदीलवाला. ऐकताना त्या गप्प बसत नसत. "अगं त्या इनामदाराला सांग की, दुधात कायतरी घातलंय!" असं ओरडायच्या. दिवाणजींना त्यांनी असल्या शिव्या घातल्या की शेरडंसुद्धा कान टवकारायची. "त्योच हाय बघ! त्याच्या डोळ्यातच पाप हाय!" मंगल सगळं ठाऊक असून गालातल्या गालात हसायची. सासू-सुना एकमेकींना धरून घरी यायच्या तेव्हा वाटेतली माणसं बघत राहायची. सासू-सून एवढं हसतात कशावर, हे कुणाला कळेना.

हे सगळं तात्यांच्या कानावर गेलं. तात्या म्हणजे आनंदराव, ठकुबाईंचे चुलत दीर. श्रावणात भैरवनाथाच्या देवळात पोथी लागते, ती हेच वाचतात. त्यांनी देवळाच्या पायरीवर चारचौघांत शेरा मारला, "गोरखची बायकू शिकल्याली हाय म्हनं. आन वाचती काय, तर खुनाच्या गोष्टी! म्हातारीलाबी नादी लावलंय." ते मंगलच्या जिव्हारी लागलं. ठकुबाईंच्या तर मस्तकात गेलं, पण दिराला कसं बोलणार?

आषाढ लागला. वेल्ह्याचा पाऊस म्हणजे भिंतीला हात लावावा तर हात ओला. घरात कोरडी जागा एकच, देव्हाऱ्याचा कोपरा. मंगलने ओटीत आलेला लाल खण माझ्याभोवती गुंडाळला, वर दोरा बांधला आणि मला देवांच्या मागच्या फळीवर ठेवलं. तेव्हा माझं एकच प्रकरण उरलं होतं. शेवटचं! आणि नेमकी मंगल पहिल्या बाळंतपणाला किकवीला निघाली. जीपमध्ये बसताना म्हणाली, "आत्या, शेवट फोनवर सांगू का?"

"गप! फोनवर सांगितलंस तर बघ. एक तर हितं रेंज न्हाई, त्यात निम्मं कळनार, निम्मं न्हाई. तू ये, आन पुस्तकातनं वाचून दाव. तवर म्या दम धरते."

मित्रांनो, अशी वाट पाहणारा माणूस मिळायला पुस्तकाचं नशीब लागतं. मी त्या फळीवर फुगून बसले होते.

पण श्रावण तोंडावर आला आणि तात्या गोरखकडे चहाला आले. ठकुबाई माळावर होत्या. तात्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली. लाल कापड, आत चौकोनी काहीतरी, देवांच्या शेजारी! "गोरख, ही पोथी कुनाची रं?"

गोरखने आयुष्यात कधी त्या फळीकडे पाहिलं असेल तर शपथ. म्हणाला, "आईची असंल. जुनी असंल."

"घरान्याची पोथी आन असल्या गळक्या घरात? पाप लागंल. देवळात नेतो."

"सोडून बघू का तात्या?"

"येडा हाईस का? आंगूळ केल्याबिगर पोथी सोडत्यात व्हय?"

बघा म्हणजे! मला पारोशाने शिवू नये म्हणून मी कोण आहे तेच पाहायचं नाही. बरं, दुसऱ्या दिवशी तात्या आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून आले. आता तरी दोरा सोडतील असं वाटलं. छे! श्रावणाची ठरलेली पोथी होतीच. "ही घरान्याची, हिची नुसती पूजा करायची," असा निवाडा झाला आणि मला देवळाच्या भिंतीतल्या फडताळात ठेवून दिलं. रोज फूल, रोज कुंकू, रोज उदबत्ती. माझ्या पोटात इनामदार सुरा लागून पडलाय, कंदील अर्धा हललाय आणि बाहेर हे लोक मला आरती ओवाळतायत! मी गुदमरले. ओरडावंसं वाटलं, अरे उघडा, उघडा मला!

संध्याकाळी ठकुबाईंना गोरखने मोठ्या कौतुकाने सांगितलं. खरं सांगावं तर सगळा गाव म्हणणार, सुनेने खुनाचं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं आणि आम्ही त्याला उदबत्ती लावली! आधीच तात्यांनी मंगलचं नाव चघळलेलं. पोर तिकडे बाळंतपणाला, आणि इकडे तिच्या नावाचा शिमगा? ठकुबाईंनी तोंड शिवलं.

त्या रोज देवळात यायला लागल्या. भैरवनाथाला घाईघाईने हात जोडायचे आणि मग माझ्या फडताळासमोर उभं राहायचं. बाया म्हणायच्या, "ठकुबाई लई देवभोळी झाली गं!" एकदा आसपास कुणी नव्हतं. ठकुबाई फडताळाला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "दिवाणजीच हाय न्हवं रं?" मला रडू आलं. उत्तर माझ्या पोटात होतं आणि ते देता येत नव्हतं.

आणि मग मागच्या ओल्या भिंतीतून वाळवी आली.

ती पाठीकडून शिरली. फुलं समोरून पडत होती, वाळवी मागून खात होती. कुणी एकदा, फक्त एकदा मला उचलून चाळलं असतं तरी दिसलं असतं. पण पुजलेल्या वस्तूला चाळायचं कसं? शेवटचं प्रकरण ओळीओळीने जात होतं आणि बाहेर घंटा वाजत होती.

दिवाळी झाली. भात घरात आलं. मंगल लेक घेऊन आली. पासलीत नव्या बाळाला आधी भैरवनाथाच्या पायाशी घालतात, तशी सगळी भावकी देवळात जमली. तात्यांना उत्साह आला. "घरान्याची पोथी हाय, बाळाच्या कपाळी लावू. दोन ओळी कानावर पडूं दे." ठकुबाई मधे आल्या, "भावजी, राहूं द्या की!" पण तात्यांनी दोरा सोडलाच. मंगलने तो लाल खण ओळखला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

तात्यांना चष्म्याशिवाय धड दिसत नाही. सवयीने त्यांनी मला मधोमध उघडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि पोथीच्या चालीवर सूर लावला, "इनामदारांच्या छाती-ई-त सुरा मुठीपर्यंत रुतला होता-आ-आ, आणि उंबऱ्यावर ओल्या पावलांचे-ए ठसे..."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा सभामंडप फुटला. तात्या लालबुंद. "हे कुनी ठिवलं देव्हाऱ्यात?"

मंगल पुढे व्हायला लागली. ठकुबाईंनी तिला हाताने मागे सारलं. "म्या ठिवलं. माजं हाय. माळावर ऐकते म्या, आन मला लई आवडतं. काय म्हननं हाय? मला इचारलं व्हतं का कुनी नेताना? उघडून बघितलं व्हतं का? आता उघडलंच हाय तर फुडचं ऐकूं द्या. मंगल, घे ते. शेवटचं वाच."

दिरासमोर कधी आवाज न चढवलेली बाई! तात्यांनी मुकाट मला मंगलच्या हातात दिलं. ठकुबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या. गंमत म्हणजे कुणीच उठून गेलं नाही.

मंगलने शेवटचं प्रकरण काढलं आणि तिचा हात थांबला. पानं नव्हतीच. मातीची भुकटी आणि कागदाची चाळणी. एक अख्खं वाक्य शिल्लक नव्हतं.

"काय गं, थांबलीस का?" ठकुबाई म्हणाल्या. "पाच म्हैने दम धरलाय म्या."

मंगलने एकदा सासूकडे पाहिलं, मग त्या चाळणीकडे. आणि वाचायला लागली. इनामदारांचा वाडा, अवस, खिंडीतला वारा, दिवाणजींचा घोगरा आवाज, सगळं जसंच्या तसं. जिथे पान उलटायचं तिथे ती ते तुकडे हळूच उलटत होती. शेजारी तात्या उभे होते. आता त्यांनी चष्मा चढवला होता. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि मागे कुजबुजणाऱ्या पोरांवर खेकसले, "ए, गप! ऐकूं द्या की!"

कंदील आक्कांच्या हातात निघाला.

"आगं बया! आक्का?" ठकुबाई ओरडल्या. "आन म्या बिचाऱ्या दिवाणजीला उगाच शिव्या घातल्या गं!" देऊळभर हसू उसळलं. बाळ दचकून रडायला लागलं.

आता मी घरी खुंटीवरच्या पिशवीत असते. रोज कुणी ना कुणी मला मागून नेतं, शाळेतली पोरं, कॉलेजातल्या मुली, भाताच्या गिरणीवर खोळंबलेली माणसं. शेवटाशी आले की सगळे ठकुबाईंकडे पळत येतात, कारण शेवट तिथेच मिळतो. त्यातल्या पहिल्याच पोराने विचारलं, "आज्जे, मागची पानं कुनी खाल्ली?" तेव्हा ठकुबाईंना कळलं. त्यांनी मंगलकडे पाहिलं. "मंग त्या दिशी तू काय वाचलंस?"

"पाठ व्हतं, आत्या."

ठकुबाईंनी पदर खोचला आणि त्या थेट तात्यांच्या दारात गेल्या. "भावजी, पाऊसकाळभर तुमी फुलं कुनाला वाहिली ठावं हाय का? वाळवीला! निवद दावलात तुमी वाळवीला!"

तात्यांनी खाली मान घातली. म्हणाले, "चुकलं, वैनी. आता आत या. आन त्या आक्कानं कंदील लपवला कुठं व्हता, तेवढं पुन्यांदा सांगा."

मित्रांनो, माझं शेवटचं प्रकरण आज माझ्या कागदावर नाही. मला पुजणाऱ्यांनी ते वाळवीला घातलं. एसटीत उभी राहून मला वाचणाऱ्या मुलीने ते जपलं, आणि अक्षर न येणाऱ्या म्हातारीने ऐकून पुढे नेलं. म्हणून रागाने सांगते आणि हात जोडूनही सांगते, मला फूल वाहू नका. कपाटात कोंडू नका. चहा सांडला तरी चालेल, पान दुमडलं तरी चालेल. दोरा सोडा आणि वाचा मला.

आणि आक्कांनी कंदील कुठे लपवला होता, ते मी सांगणार नाही. पासलीला या. ठकुबाई सांगतील.