गाळलेलं 'गत'

करारातला तो शब्द मी बरोबरच टाइप केला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेले चार दिवस घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्याच नावानं बोटं मोडतोय.

मी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. नवरा मुष्टियोद्धा, आठ वर्षं किताब त्याच्याकडे. लढतीचा करार फुकटात करून मिळावा म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी शहाण्यासारखं लिहिलं, 'बक्षिसाच्या रकमेतले सत्तर टक्के गतविजेत्याला, तीस टक्के आव्हानवीराला.' किताब ज्याच्याकडे आहे तो गतविजेता. त्याच्यासाठी तिकिटं खपतात म्हणून जिंको वा हरो, मोठा वाटा त्याचा. आमच्याकडे पूर्वीपासून असंच चालतं.

पण भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ आणि मॅनेजर, कागद वाचून ताडकन उठले.

"गत? अगं, गत म्हणजे मेलेला! लढतीच्या आधीच माझ्या भावाला गत करून टाकतेस?"

"भाऊजी, सगळे असंच लिहितात."

"लिहू देत. असला अपशकुन आपल्याला नको."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बरं, 'सध्याचा विजेता' लिहिते. तेवढ्यात खिडकीपाशी हाताला पट्टी गुंडाळत बसलेला नवरा म्हणाला, "नुसतं विजेता राहू दे." मी दोन अक्षरं काढली. लोक ध चा मा करतात, आमच्याकडे अक्षरंच गिळली.

आणि नवरा हरला. आठव्या फेरीत, डाव्या डोळ्यावर ठोसा खाऊन. उजवा आधीच अधू, म्हणून याच डोळ्यासाठी डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, आणखी एक जोराचा बसला तर नजरेची खात्री देता येणार नाही. म्हणूनच आमचं ठरलं होतं, सत्तर टक्के आले की हातमोजे खुंटीला. छापखान्याशेजारची खोली घ्यायची आणि मुलांना शिकवायचं. तीसच आले तर, तो म्हणायचा, अजून एक लढत. ही 'अजून एक' मी गेली तीन वर्षं ऐकतेय.

काल मुष्टियुद्ध संघाच्या ऑफिसात सगळे जमलो. जिंकलेला पोरगेला गडी भुवईला चिकटपट्टी लावून गप्प बसला होता. बोलत होते त्याचे मामा.

"विजेत्याला सत्तर. जिंकलं कोण? आमचा भाचा. आव्हानवीराला तीस. आव्हान कुणी दिलं? आमच्याच भाच्यानं. झाले शंभर!"

"करार झाला तेव्हा विजेता कोण होता?" भाऊजी ओरडले.

"आणि आत्ता कोण आहे?"

"गतविजेत्याचा वाटा आहे तो!"

"मग 'गत' दाखवा कागदात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात, पण मोठ्यांना बोलायची सोय नाही. संघाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कागद टाइप कुणी केला? बाई, तुम्हीच सांगा, विजेता म्हणजे कोण ठरलं होतं? तुम्ही सांगाल ते धरू. आधी चहा घ्या."

मी नवऱ्याला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणलं. "ऐक. पहिल्या मसुद्याची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यात 'गत' आहे. आत्ता आणून दाखवते. सत्तर टक्के आपले."

त्यानं सुजलेला ओठ कसाबसा हलवला. "मी मुद्दाम काढायला लावलं ते."

"काय?"

"भाऊ अपशकुन म्हणाला, मला निमित्त मिळालं. आठ वर्षांपूर्वी मी बरगड्या मोडून घेऊन जिंकलो आणि तीस घेऊन घरी आलो. हरलेला सत्तर घेऊन गेला. जिंकेल त्याला जास्त मिळावं, एवढंच मनात होतं."

ती बरगड्यांची कहाणी मी आठ वर्षं रोज जेवताना ऐकली होती. तिचा असा शेवट होईल असं वाटलं नव्हतं.

"आपण हरू असं वाटलं होतं तुला?"

"नव्हतं वाटलं," तो खाली बघत म्हणाला.

"मग सांग आत जाऊन, चुकलं म्हणून."

"आता? हरल्यावर?"

इतका संताप आला की त्याच्या धड राहिलेल्या गालावर एक द्यावीशी वाटली. आणि रडूही आलं, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं फार अवघड असतं.

"आणि डोळा?"

"अजून एक लढत..."

मी पुढचं ऐकलंच नाही. तिथल्या कारकुनाला उठवून त्याच्या खुर्चीत बसले आणि एकच वाक्य टाइप केलं. 'खाली सही करणारा गतविजेता यापुढे कुठल्याही लढतीत उतरणार नाही.' खाली एक रेघ मारली.

"यावर सही कर. मग आत जाऊन तुला हवं ते सांगते."

त्यानं कागद नाकाशी धरून वाचला. "गत लिहिलंयस."

"हो. आणि आता ते कुणी काढायचं नाही."

त्यानं माझ्याकडून पेन घेतलं. मग सही केली. मी रागातच कागदाची घडी घालून पर्समध्ये कोंबली आणि आत गेले.

"जिंकेल त्याला सत्तर, हरेल त्याला तीस," मी म्हटलं. "असंच ठरलं होतं."

मामांचं तोंड तीस टक्क्यांनी उतरलं. भाऊजी तर आवारात येईपर्यंत बोलत होते. "घरचीच माणसं अशी! चाळीस टक्के गेले! काय कमावलंस तू, सांग ना?"

नवरा पुढे चालला होता, फाटकाची कडी चाचपत. मी पर्समधून कागद काढून उघडला. सही रेघेच्या दोन बोटं खाली पडली होती आणि तिचं शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर गेलं होतं. मला कडी काढून देण्यासाठी पळावं लागलं.