तळटीप

"हे रडगाणं कुणाचं?" इतिहासाच्या सरांनी निबंध दोन बोटांच्या चिमटीत वर धरला. वर्गात खसखस पिकली.

नर्सबाई उभी राहिली. वर्गातली पोरं तिला याच नावानं हाक मारत. दिवसभर वॉर्डात राबून ती संध्याकाळी वर्गाला येई. चाळिशी उलटल्यावर एम.ए.चं खूळ घेतलं होतं तिनं.

"'संपाच्या वेळी माझे वडील कारखान्याच्या गेटापाशी गोळी लागून पडले,'" सरांनी वाचलं. "याला पुरावा?"

"आईनं डोळ्यांनी पाहिलंय, सर."

"मग आईलाच परीक्षेला बसवा की! बाई, इथे आसवं नाही, संदर्भ चालतात. आधी वाचायला शिका. आणि लिखाणातून स्वतःला हाकला. पुन्हा लिहा, नाहीतर नापास."

ती ग्रंथालयात ठाण मांडून बसली. लेखकाचा मुद्दा कुठला, आधार कुठला, हे पेन्सिलीनं वेगळं करायला शिकली. त्या संपावर एकच जाडजूड ग्रंथ होता. त्यात गोळीबाराला जेमतेम एक वाक्य मिळालं होतं: गोळ्या हवेत झाडल्या, जीवितहानी झाली नाही. आधार कंपनीच्याच अहवालाचा.

तिनं धीर करून सरांना ते दाखवलं.

"याविरुद्ध छापील काही आहे तुमच्याकडे? नाही ना? मग मोठ्या माणसांशी वाद घालू नका."

तिनं निबंध पुन्हा लिहिला. जखमेचे टाके काढावेत तसा एकेक 'माझे' उपटून काढला. 'जीवितहानी झाली नाही,' असं लिहून खाली तळटीप दिली: ग्रंथकाराचं नाव, ग्रंथ, पान.

या खेपेला सरांनी तोच निबंध वर्गात कौतुकानं वाचून दाखवला. "याला म्हणतात लेखन!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिची छाती फुगली, अगदी 'जीवितहानी झाली नाही' या वाक्यालासुद्धा.

घरी आई वाटच पाहत होती. तिला अक्षरओळख नव्हती.

"पास झालीस ना गं? यांचं सगळं लिहिलंस?"

"हो, आई."

"पुस्तकात कुणी घातलं नाही त्यांना. तू घातलंस बघ." आईनं हात पदराला पुसले. "नाव कुठंय त्यांचं? दाखव."

तिनं आईचं बोट धरलं आणि पानाच्या तळाशी, त्या ग्रंथकाराच्या नावावर टेकवलं.

"एवढं बारीक?" आई म्हणाली, आणि शाई पुसली जाऊ नये म्हणून बोट अलगद उचलून तिनं कपाळाला लावलं.