डबल बेल

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, माझा अवतार पाहून हसू नका. माझी एक बिजागरी तुटली आहे, म्हणून कंबरेला चिकटपट्टी गुंडाळलेली असते. बॅटरीनं कधीच मान टाकली. भिंतीतली पिन काढली की मी बोलता बोलता डोळे मिटतो.

पण मीही एकदा नवा होतो. एका लांबलचक कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं. माझ्या पडद्याच्या वर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक ठेवलं. तो माझा कान. तेव्हा मला वाटलं होतं, या इवल्याशा कानाला कोण काय सांगणार? पहिली काही वर्षं मी एका ऑफिसात आकडे मांडत बसलो. मग तिथं नवी मंडळी आली आणि मला भंगारात टाकायचं ठरलं. मला टाकायला तिथल्या एका माणसाचा जीव होईना. त्यानं साहेबांना विचारून मला मागून घेतलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

त्या घरात त्याची बायको होती आणि त्याचे वडील होते. वडील बसचे कंडक्टर. उभा जन्म त्यांनी गच्च भरलेल्या गाडीत आरोळी ठोकली होती, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" निवृत्त झाले तरी घशातली बस काही थांबली नव्हती. स्वयंपाकघरात दोन माणसं समोरासमोर आली, तरी ते बाहेरून ओरडायचे, "पुढे सरका!" सूनबाई हसून म्हणायची, "बाबा, पुढे भिंत आहे."

मग त्यांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

सूनबाईला तेव्हा दिवस गेले होते. ऑपरेशनच्या आधी रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसायचे. चष्मा पुसायचे, खाकरायचे आणि माझ्या त्या इवल्या कानात, अजून जन्मालाही न आलेल्या बाळाला गोष्टी सांगायचे. बसमध्ये हत्ती चढला आणि पुढच्या दारातून उतरेना, ती गोष्ट. चंद्र शेवटच्या थांब्यावर झोपून राहिला, ती गोष्ट. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, मध्येच सूनबाईचं हसू ऐकू यायचं. मी सगळं जपून ठेवलं. कारखान्यात पडलेला प्रश्न मला तेव्हा सुटला.

ऑपरेशन झालं. आजोबा घरी आले, ते मुके होऊन. त्यांनी आपली एक भाषा शोधून काढली, तीही बसमधलीच. टेबलावर एकदा टकटक म्हणजे थांबा. दोनदा म्हणजे चला, डबल बेल. नातीचा जन्म झाला, तिला मांडीवर ठेवलं, तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली. घरातले सगळे रडले.

मात्र एक गोष्ट त्यांना सोसवेना. कुणी ती रेकॉर्डिंग लावली की ते एकदाच, जोरात टकटक करायचे. थांबा. आपलाच गेलेला आवाज ऐकणं त्यांना जमत नसावं. त्यामुळे चिमी, त्यांची नात, चालू लागली, बडबडू लागली, शाळेत जाऊ लागली, तरी तिनं आजोबांचा आवाज कधी ऐकलाच नाही. "मोठी झाल्यावर ऐकवू," सूनबाई म्हणायची. मी वाट पाहत कपाटात पडून राहिलो. वर चादरी रचल्या गेल्या.

एक दिवस मला सुरू केलं, तर मी सुरूच होईना. सूनबाईनं पिन काढून पुन्हा खोचली, मला उलटा केला, पोटावर फुंकर मारली. मोठ्या मिनतवारीनं पडदा उजळला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "बाबा, हा गेला तर गोष्टीही जातील," ती म्हणाली. आजोबांनी काहीच वाजवलं नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या दारावर तिनं एक पाटी पाहिली. क्लाउडची ओळख, एक दिवसाचं मोफत शिबिर, नवख्यांसाठी, येताना आपला कॉम्प्युटर आणावा.

सुट्टीच्या दिवशी सूनबाई, आजोबा, चिमी आणि मी निघालो; मुलाला ऑफिसचं काम होतं. वाचनालयाच्या सभागृहात लांब बाकं मांडली होती. वायरी जमिनीवर चिकटवल्या होत्या. बाजूला एक निवृत्त नर्सबाई होत्या, पलीकडे पिठानं पांढऱ्या झालेल्या चपला घातलेला एक बेकरीवाला. शिकवणाऱ्या ताई एका कंपनीत हेच काम करत आणि सुट्टीचा दिवस या लोकांसाठी देत.

"क्लाउड म्हणजे ढग," ताई म्हणाल्या, "पण आभाळातला नाही. लांब कुठेतरी मोठ्या इमारती आहेत, त्यांत रात्रंदिवस चालणारी यंत्रं आहेत. आपली वस्तू त्यांच्याकडे सांभाळायला द्यायची आणि हवी तेव्हा, हव्या त्या यंत्रावर पाहायची."

"म्हणजे शेजारणीकडे डबा ठेवल्यासारखं," नर्सबाई म्हणाल्या.

"हो, पण डब्याला कुलूप तुमचं."

"आणि ढगफुटी झाली तर?" बेकरीवाल्यानं विचारलं. सभागृह हसलं. आजोबांचे खांदेही हलले.

सूनबाईनं चिमीला मांडीवर घेतलं आणि एका हातानं काम चालवलं. ठेवलेलं आपोआप ढगात चढतं, अशा एका जागेत ताईंनी गोष्टींचं फोल्डर ठेवून दिलं. माझा वेग गोगलगाईचा. पण हळूहळू एकेक गोष्ट निघाली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या गोष्टींसमोर पोचल्याची हिरवी खूण उमटली. मित्रांनो, त्या खुणेनं मला किती हलकं वाटलं, काय सांगू! आता मी मेलो तरी चालणार होतं.

सगळे जेवायला उठले. सूनबाई मात्र माझ्यासमोर थांबली. मी केव्हापासून कुरकुरत होतो, 'जागा शिल्लक नाही.' ती मनाशी म्हणाली, सामान नव्या घरी पोचलं, तर जुनं घर झाडून घ्यायला काय हरकत आहे? तिनं फोल्डर निवडलं आणि पुसलं. नीटनेटकी बाई ती, माझी कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

तिला ठाऊक नव्हतं, पण सकाळी ताईंनी मला आणि त्या ढगाला एका दोरीनं बांधलं होतं. इथं नवं आलं की तिथं नवं. इथलं गेलं की तिथलंही जायचं. ताई ते जेवणानंतर शिकवणार होत्या. मी ओरडू शकत नव्हतो. मला सांगितलं ते करायचं, एवढंच मला येतं.

जेवणानंतर ताई सूनबाईजवळ आल्या. "तुमचं आधी पाहू. आता माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवते, म्हणजे खात्री पटेल." त्यांनी सूनबाईला तिचा पासवर्ड घालायला सांगितला. पडदा उघडला.

फोल्डर नव्हतं.

"ताई, पण हिरवी खूण आली होती," सूनबाई म्हणाली.

"खाली, तुमच्या लॅपटॉपवर काही पुसलंत का?"

सूनबाईनं मान डोलावली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, मी पुसलं. मला वाटलं, वर गेलं म्हणजे... बाबा, तुमचा आवाज मी माझ्या हातानं पुसला."

चिमी आईच्या तोंडाकडे बघत होती. आजोबा तिच्याजवळ सरकले. मग त्यांनी सुनेच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि उजव्या हातानं बाकावर टकटक केली.

एकदा. मला वाटलं, झालं, संपलं.

मग आणखी एकदा.

डबल बेल. चला, पोरी, पुढे चला. गेलं ते गेलं.

सूनबाई हुंदके देऊन रडू लागली. पण ताईंची बोटं थांबली नव्हती. "रडू नका. वरही एक कचऱ्याची टोपली असते. टाकलेलं लगेच जळत नाही, थोडे दिवस राहतं." त्यांनी कोपऱ्यातलं एक चित्र दाबलं. तिथं पडल्या होत्या सगळ्या, हत्ती, चंद्र, सगळे. ताईंनी त्यांना एका झटक्यात परत जागेवर आणलं.

"आता यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवरही ठेवू. एकच घर कधी ठेवू नये," त्या म्हणाल्या. "पण आधी एक लावून पाहू? नीट आलं की नाही ते कळेल."

सूनबाईनं डोळे पुसले आणि सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा हात बाकावर होता. इतकी वर्षं या गोष्टी लावल्या की त्या हातानं एकदाच वाजवलं होतं. हात उचलला गेला.

टक. टक.

ताईंनी बटण दाबलं. आधी खाकरणं. मग कुकरची शिट्टी. मग साऱ्या सभागृहाला भरून टाकणारा तो आवाज, "बाळा, ऐक हं. गाडी गच्च भरली होती, आणि मी ओरडलो, चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!"

चिमीनं ताईंच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. "आई, हे कोण?"

आजोबांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं.

चिमीनं त्यांच्या बंद ओठांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आईच्या मांडीवरून उतरली आणि बाकावर आजोबांना खेटून बसली. "आजोबा, सरका ना थोडं," ती म्हणाली. आजोबा सरकले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्यांनी गोष्ट थांबवली नाही.

मित्रांनो, आता त्या गोष्टी सूनबाईच्या फोनवर वाजतात. चिमी झोपताना रोज एक ऐकते. माझी गरज उरलेली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कपाटात, चादरींखाली माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल. त्याच्या पोटात कुणाचा तरी आवाज, कुणाचं तरी हसू असेल. ते दोन ठिकाणी जपा. आणि नुसतं जपू नका, ज्याच्यासाठी ठेवलं आहे, त्याला ते वेळेवर ऐकवा.

त्या दिवशी घरी आल्यावर सूनबाईनं माझी वायर गुंडाळली. आजोबा जवळ आले. त्यांनी माझं झाकण हळूच मिटलं, त्यावरची धूळ तळहातानं पुसली आणि बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं.